गोळी काढायची घाई नको, पाय वाचवायची करा

आपल्याकडं कुठं गोळीबार झाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, डॉक्टर गोळी निघाली का. पेपरातली बातमीही तिथंच थांबते, शस्त्रक्रिया करून गोळी काढली, प्रकृती स्थिर, संपलं. मी हाडांचा डॉक्टर, सगळी प्रॅक्टिस सातारा-सांगली पट्ट्यात झाली, गावठी कट्ट्याच्या जखमा बघितल्यात, रात्री रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या पायात घुसलेले छर्रे बघितलेत, आणि मला हे अगदी स्पष्ट सांगायचंय की हातापायाला गोळी लागली असेल तर गोळी बाहेर काढणं हे त्यातलं सगळ्यात कमी घाईचं काम आहे. घाई कशाची आहे तर रक्त थांबवायची, पुढच्या भागात परत रक्त पोचवायची आणि मेलेलं मांस काढून जखम उघडी ठेवायची. ही कामं सुरू करायला पुणं गाठायची गरज नाही, ती तालुक्याच्या दवाखान्यात सुरू होऊ शकतात आणि झालीच पाहिजेत. बऱ्याचदा ती होत नाहीत, पेशंट नुसता पुढं ढकलला जातो, आणि वाचू शकणारा पाय वाटेतच जातो.

आधी गोळीचंच बघू. लोकांना वाटतं आत शिसं राहिलं म्हणजे विष पसरणार, आणि दुसरीकडं असंही वाटतं की गोळी तापलेली असते म्हणून ती निर्जंतुक असते. दोन्ही चूक. गोळी झाडल्यानं जंतू मरत नाहीत, उलट ती पॅन्टचं कापड, माती, चामडं सगळं ओढून आत नेते. आणि मांसात अडकून बसलेल्या गोळीभोवती शरीर स्वतःच एक घट्ट आवरण तयार करतं, ती तिथंच पडून राहते, लढाईतले तुकडे अंगात घेऊन निवांत म्हातारे झालेले माजी सैनिक कितीतरी आहेत. तिला शोधायला मांडी उभी चिरली तर गोळीनं केलं नसेल तेवढं नुकसान आपल्या हातानं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै १८८१ ला गोळी लागली, ती पाठीत होती, पण उदाहरण इथं लागू पडतं. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळया घालून गोळी शोधली, टेलिफोनवाले ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, तरी गोळी सापडली नाही, जखम मात्र सडत गेली आणि १९ सप्टेंबरला ते वारले. दीडशे वर्षं होत आली तरी नातेवाईकांच्या दबावाखाली गोळी शोधायचा मोह अजून आहे.

मग गोळी कधी काढायची? सांध्यात असेल तर काढायचीच, गुडघा, खुबा, खांदा, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं हळूहळू विरघळतं, ते रक्तातही चढू शकतं आणि सांधाही झिजतो. नर्व्हवर किंवा मोठ्या रक्तवाहिनीवर टेकली असेल तर काढायची. तळहातात, तळपायात टोचत असेल तर काढायची. आणि छऱ्याची बंदूक अगदी जवळून उडाली असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्या काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक वॅड म्हणजे बुचासारखी चकती असते, नमद्याची किंवा प्लास्टिकची, ती जखमेत शिरते आणि एक्सरेवर दिसत नाही, ती शोधून काढलीच पाहिजे, नाहीतर महिनोन्महिने पू येत राहतो. छर्रे मात्र सगळे वेचत बसायचं नाही. एक्सरे काढताना वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही यायला हवेत, आणि एक साधा हिशोब सगळ्या ज्युनियर पोरांनी लक्षात ठेवावा, अंगावरची भोकं आणि एक्सरेतल्या गोळ्या यांची बेरीज सम आली पाहिजे. विषम आली तर गोळी कुठंतरी दुसरीकडं सरकलीय किंवा एखादं भोक बघायचं राहिलंय, परत बघा, पेशंट कुशीवर वळवून बघा.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात हेही सांगायला पाहिजे कारण उपचार त्यावर ठरतो. पिस्तुलाची गोळी साधारण सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटरनं जाते, लष्करी रायफलची ७०० ते ९०० नं, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. रायफलची गोळी जाताना आजूबाजूचं मांस क्षणभर फाकवते, त्यामुळं बाहेरून भोक छोटं आणि आत हाडाचा चुरा असं होऊ शकतं. पिस्तुलाच्या गोळीत पुष्कळदा तेवढं नसतं, छोटी स्वच्छ जखम, पल्स चांगली, हाड जागेवर, तर धुणं, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्लास्टर एवढ्यावर भागतं, मोठं ऑपरेशन लागतच नाही. गावठी कट्ट्याचा मात्र भरवसा नसतो, कुठलं काडतूस कशात घातलेलं असेल सांगता येत नाही, शिवाय गोळी नळीतून सरळ न येता गिरक्या घेत येते. म्हणून शस्त्र कुठलं होतं यावर जास्त डोकं न चालवता समोरची जखम बघायची, मांसाचा रंग, चिमट्यानं दाबलं तर आकसतं का, कापलं तर रक्त येतं का.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. मोठी रक्तवाहिनी तुटली की खालचं मांस साधारण सहा तास तग धरतं, मग मरायला लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या २४७१ रक्तवाहिन्यांच्या जखमांचा हिशोब डिबेकी आणि सिमियोन या अमेरिकन सर्जननी १९४६ साली मांडला. तेव्हा तुटलेली रक्तवाहिनी बांधून टाकायचीच पद्धत होती, आणि बांधलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास हातपाय कापावे लागले, गुडघ्यामागची असेल तर चारातले जवळपास तीन. कोरियाच्या युद्धात रक्तवाहिनी जोडायला सुरुवात झाली, हेलिकॉप्टरनं जखमी लवकर पोचायला लागले, आणि हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. लवकर पोचणं आणि शिकलेला हात, बाकी फार मोठी जादू त्यात नव्हती. त्याच्या आधी पहिल्या महायुद्धात मांडीच्या हाडाला गोळी लागलेले ८० टक्क्यांच्या आसपास मरायचे, मैदानावरच थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून सरळ धरणारी लोखंडी चौकट, बांधायला लागल्यावर ते २० च्या खाली आलं. त्याच युद्धात आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान गेले. हे ज्ञान अशा गावांतल्या पोरांच्या रक्तावर उभं राहिलंय आणि त्याच जिल्ह्यात ते तालुक्यापर्यंत पोचलेलं नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

जतहून मिरज ८०-९० किलोमीटर. घटना रात्री अकराला माळावर, गाडी मिळेपर्यंत बारा, पहिल्या दवाखान्यात पट्टी बांधून पुढं पाठवलं, दुसऱ्यानं पोलीस केस म्हणून हात लावला नाही, मोठ्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत तीन, कॅज्युअल्टी, एक्सरे, रक्त, सही, टेबलवर घ्यायला साडेपाच. सहा तास संपले. यात कुणी एकानं मुद्दाम वाईट केलं असंही नाही, पण पाय गेला तो गेला. पाटणच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांचं गणित तर अजून अवघड, तिथं पावसाळ्यात रस्त्यावर यायलाच दीड तास.

तालुक्याच्या दवाखान्यात काय होऊ शकतं ते सांगतो, सगळं शक्य कोटीतलं आहे. रक्त उसळ्या मारत असेल तर आधी जखमेवर तळहातानं दाबायचं, जोर लावून, सोडायचं नाही. त्यानं थांबलं नाही तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, जखमेच्या वर, पुरेसा घट्ट, आणि बांधल्याची वेळ पेशंटच्या कपाळावर पेनानं लिहायची. टूर्निकेला आपल्याकडं फार घाबरतात, पाय काळा पडेल म्हणतात. दोन तासांच्या आत असेल तर त्यानं पाय सहसा जात नाही, जीव मात्र वाचतो. बगदादच्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलमधला २००९ साली छापलेला अभ्यास आहे, पेशंट शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन प्रेशर ढासळायच्या अवस्थेत, जायच्या आधी टूर्निके बांधलेल्यांतले ९० टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर बांधलेल्यांतले १०. सुतळी किंवा वायर बांधू नका, ती कातडीत रुतते आणि धमनी बंदही होत नाही, नुसती व्हेन बंद झाल्यानं रक्त जास्तच जातं. रुंद पट्टा पाहिजे. दुसरं, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध, पहिल्या तीन तासांत. २०१० साली २०,००० हून जास्त पेशंटवर झालेल्या क्रॅश-२ चाचणीत त्यानं मृत्यू कमी झाले, औषध स्वस्त आहे, बाळंतपणाच्या रक्तस्रावासाठी ते सरकारी दवाखान्यात ठेवलेलंच असतं, म्हणजे नवीन काही आणायचंही नाही.

तिसरं म्हणजे पल्स बघणं. गोळी लागलेल्या पायाची पल्स, दुसऱ्या पायाशी तुलना करून, आणि ती कागदावर लिहून, वेळेसकट. पल्स नाही, पाय गार, सूज डोळ्यांदेखत वाढतेय, तर तपासण्या करत बसायचं नाही, हा ऑपरेशनचा पेशंट आहे. पल्स लागते पण शंका आहे तर घोट्याचं ब्लडप्रेशर हाताच्या प्रेशरशी ताडून बघायचं, भागाकार ०.९ च्या खाली आला तर रक्तवाहिनीला काहीतरी झालंय असं धरून चालायचं. त्याला हातात मावणारं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र, लागतं, बाळाचे ठोके ऐकायचं असतं त्याच जातीचं.

आणि इथं मला सर्जन मित्रांशी जरा वाद घालायचाय. तालुक्याला व्हॅस्क्युलर सर्जन नाही म्हणून आम्ही काय करणार, हे मी इतक्या वेळा ऐकलंय. रक्तवाहिनी कायमची जोडायला, दुसऱ्या पायाची व्हेन काढून तिचा तुकडा मधे जोडायला (ग्राफ्ट) तज्ज्ञ लागतो हे मान्य. पण तुटलेल्या दोन टोकांत एक निर्जंतुक प्लास्टिकची नळी बसवून, दोन्हीकडं बांधून, रक्त तात्पुरतं चालू करणं हे जनरल सर्जनचं काम आहे. या नळीला शंट म्हणतात, बाहेरच्या तयार शंट महाग असतील, पण बाळाची फीडिंग ट्यूब वापरून पाय वाचवल्याचीही उदाहरणं आहेत. इराकच्या युद्धात आघाडीवरच्या सर्जनच्या टीमनी अशा शंट घालून जखमी मागं पाठवले आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या बहुतेक शंट पोचेपर्यंत चालू होत्या. हाड हलत असेल तर ते जागेवर धरायला बाहेरून फिक्सेटर, चार पिना आणि एक रॉड, सवय असलेला माणूस वीस-पंचवीस मिनिटांत लावतो. आणि मग पोटरीची फॅशिओटॉमी, म्हणजे मांसाभोवतीचं घट्ट आवरण चिरून त्याचे चारही कप्पे उघडायचे. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं कारण दिसायला भयानक, नातेवाईक म्हणतात एवढा चांगला पाय का फाडला. पण बंद पडलेलं रक्त परत चालू झालं की मांस फुगतं, कप्प्याची भिंत ताणत नाही, आणि आतल्या आत मांस आणि नर्व्ह दाबून मरतात, पल्स लागत असतानासुद्धा मरतात. पायाची बोटं नुसती वाकवली तरी पेशंट किंचाळतोय, पेनकिलर देऊनही दुखणं वाढतंय, तर थांबायचं नाही.

मग येतो टाका. जखम बघितली की शिवायची, ही आपल्या हाताला लागलेली सवय आहे आणि गोळीच्या जखमेत ती घातक आहे. आत घाण आहे, अर्धमेलं मांस आहे, वरून टाके घातले की कुलूप लावल्यासारखं होतं, आत गॅस गँगरीनला, म्हणजे मांस झपाट्यानं सडवणाऱ्या जंतूंना, रान मोकळं. मेलेलं मांस काढा, भरपूर सलाईननं धुवा, सैल ड्रेसिंग करा, ४८ तासांनी परत टेबलवर घेऊन बघा, आणि स्वच्छ असेल तर चौथ्या ते सातव्या दिवशी बंद करा. व्यवस्थित चार टाके घालून क्रेप बांधून पाठवलेला पेशंट दिसायला नीटनेटका दिसतो, पण पुढच्या डॉक्टरला ते टाके आधी कापावे लागतात. पुढं पाठवणाऱ्यानं जखम उघडी ठेवली, अँटिबायोटिक पहिल्या तासात दिलं आणि वेळ लिहिली एवढं केलं तरी मी त्याचे उपकार मानतो. नर्व्ह गेलीय, पंजा लुळा पडलाय, हे बघूनही पहिल्या दिवशी घाबरून जाऊ नये, गोळीनं बधिर झालेल्या बऱ्याच नर्व्ह काही महिन्यांत आपोआप परत येतात, तोवर स्प्लिंट आणि फिजिओथेरपी सोडायची नाही.

आता पोलीस केस. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की दवाखाना सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणं पहिलं, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ ला पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी परत पाठवलं म्हणून सरकारला भरपाई द्यायला लावली. म्हणजे कायदा एवढी वर्षं जखमीच्या बाजूनं उभा आहे आणि तरी गावात आजही लोक म्हणतात आधी स्टेशनला जाऊन चिठ्ठी आणा. चिठ्ठी लागत नाही. डॉक्टरनं पोलिसांना कळवायचं असतं, फोन करून आणि नोंद करून, पण उपचार त्यासाठी एक मिनिटही थांबवायचा नसतो. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याच्या दारात आमच्या भागातला एक पोरगा मांडीत छर्रे घेऊन रिक्षात पडून होता आणि आतला माणूस त्याला पोलीस आलेत का विचारत होता, हे मी विसरू शकत नाही.

पण डॉक्टरांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोळीबाराच्या पेशंटबरोबर दोन गट येतात, कधीकधी दोघंही हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, वीस खाटांच्या दवाखान्यात एक वॉचमन आणि दोन सिस्टर. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, पण रात्री दोनला कायदा दारात उभा नसतो, हवालदार उभा असावा लागतो. म्हणून माझी मागणी पोलिसांकडंही आहे, गोळीबाराचा फोन आला की पहिली गाडी घटनास्थळी आणि दुसरी थेट दवाखान्यात. दुसरी भीती कोर्टाची, वर्षानुवर्षं समन्स येत राहतं, ओपीडी बंद ठेवून जावं लागतं. व्हिडिओवर साक्ष घेता येते, ती या केसेसमध्ये सरसकट घ्यावी. आणि पुरावा जपायचा म्हणजे फार काही नाही, कपडे कापताना भोकातून कापायचं नाही, जखमेचं माप आणि फोटो, खात्री नसेल तर गोळी आत शिरतानाची जखम कुठली आणि बाहेर पडतानाची कुठली असं लिहायचं नाही, गोळी काढलीच तर दातेरी चिमट्यानं धरायची नाही कारण तिच्यावरच्या खुणा बॅलिस्टिकला, म्हणजे कुठल्या बंदुकीतून सुटली ते तपासायला, लागतात, रबर चढवलेला चिमटा वापरून, सील करून, पोलिसांची पोच घेऊन द्यायची. हे दहा मिनिटांचं काम आहे, उपचार नाकारायचं कारण नाही.

काहीजण म्हणतील वर्षाला अशा केसेस किती, त्यासाठी एवढा खर्च का. गोळीच्या केसेस कमी आहेत हे चांगलंच आहे, कमीच राहू दे. पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली आलेला पाय, कडबाकुट्टीत गेलेला हात, मळणी मशीनमध्ये ओढला गेलेला कोपर, हायवेवर टू-व्हीलरचा चुराडा, यांना लागणारं सामान आणि कौशल्य अगदी हेच आहे, उघडं हाड, तुटलेली रक्तवाहिनी, माती भरलेली जखम. ऊसतोड टोळीतल्या बाईचा पाय वाचवायला लागणारा फिक्सेटर आणि गोळी लागलेल्याचा फिक्सेटर वेगळा नसतो. तालुक्याची तयारी झाली तर फायदा जास्त करून याच माणसांना होईल, ज्यांच्याकडं पुण्याला न्यायला गाडी नसते.

सांगलीच्या सिव्हिलला वसंतदादांचं नाव आहे, आणि २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या जेलमधून निसटताना दादांच्या स्वतःच्या खांद्याला गोळी लागलेली. साताऱ्याच्या सिव्हिलला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव. या दोन जिल्ह्यांत गोळी लागलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं जाऊ नये एवढी अपेक्षा करायला मला संकोच वाटत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत दरवर्षी रस्ते, समाजमंदिरं, कमानी यांचे आकडे होतात. प्रत्येक उपजिल्हा आणि मोठ्या ग्रामीण रुग्णालयासाठी दोन फिक्सेटर सेट, एक हँड डॉपलर, १०८ च्या प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या गाडीत दोन चांगले टूर्निके, आणि रक्त साठवणुकीचं युनिट जिथं कागदावर आहे तिथं प्रत्यक्षात ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या. सर्जन आणि भूलतज्ज्ञांना मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या मेडिकल कॉलेजात फॅशिओटॉमी आणि शंटचं हाताला वळण लागेपर्यंत ट्रेनिंग, आणि रात्री दोनला फोन उचलणारा मोठ्या हॉस्पिटलचा एक ठरलेला नंबर, म्हणजे पेशंट निघायच्या आधी तिकडं टेबल तयार असेल. तुमच्या भागातला जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार भेटला तर त्याला विचारा, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञाची पोस्ट भरलीय का. यातली निम्मी कामं त्या एका पोस्टवर अडलेली असतात.